टो बॅटचा फाटला, पगार माझा का कापायचा?

वाचकाचं पत्र

मी २२ वर्षांची, बी.कॉम. झालेय. दोन महिन्यांपासून कोल्हापुरात खेळाच्या सामानाच्या दुकानात कामाला आहे. मालक आणि आम्ही चौघं. शाळेत खो-खो खेळले, पण क्रिकेट, बॅडमिंटन यांचा गंध नव्हता. गेल्या महिन्यात एका काकांना त्यांच्या मुलासाठी ८,५०० रुपयांची इंग्लिश विलो बॅट दिली. नवव्या दिवशी टो (बॅटचं खालचं टोक) फाटला म्हणून ते भांडायला आले. मालकांनी बॅट बदलून दिली आणि ‘तू नीट सांगितलं नाहीस’ म्हणत माझ्या पगारातून दरमहा १,००० रुपये कापायचं ठरवलं. मागच्या आठवड्यात गटिंग (रॅकेटला तारा ओढणं) करताना मशीनवर एकाची रॅकेट चेपली, तिचे पैसेही माझ्याच नावावर मांडलेत. त्यात बरीच गिऱ्हाइकं मला बघून ‘त्या दादांना बोलवा’ म्हणतात. नोकरी सोडू का?

ता. क. मालक कॅरमच्या पावडरचा मोठा डबा आणून मला सुट्या पुड्या बांधायला लावतात. ते चालतं का?

उत्तर

नोकरी एवढ्यात सोडू नका. पण कपात सुरू होण्याआधी मालकांशी बोला. एकदा पहिला हप्ता निमूट कापू दिलात की दुकानात फुटलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल तुमच्याकडे येईल.

नुकसानीची रक्कम मालक पगारातून कापूच शकत नाही, असं नाही. मात्र कायद्यानं त्याला अटी घातल्या आहेत. १९३६ च्या वेतन कायद्यात त्या होत्या, २०१९ च्या वेतन संहितेतही आहेत. वस्तू सांभाळण्यासाठी तुमच्या ताब्यात दिलेली असायला हवी. नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असायला हवं. कापण्याआधी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कापलेली रक्कम झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. आता बॅटचं बघा. बिल होऊन ती नऊ दिवस गिऱ्हाइकाच्या घरी होती. ती तुमच्या ताब्यात कुठे होती? रॅकेटचं प्रकरण वेगळं आहे, ती तुमच्या हातात होती. त्याकडे पुढे येतो.

कायद्याचं कलम घेऊन मालकांसमोर उभं राहण्यापेक्षा ती फाटलेली बॅट घेऊन उभ्या राहा. ती दुकानातच पडून असेल. तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं.

फेसवर (बॉल मारायच्या सपाट बाजूवर) लालसर डाग आणि शिवणीचे बारीक ठसे दिसले तर ती सीझन बॉलनं, म्हणजे कडक लेदर बॉलनं, खेळली गेली आहे. लाल रंग नाही, पण रबराचे काळपट किंवा हिरवट डाग किंवा छोटे गोल खड्डे आहेत, तर हार्ड टेनिस किंवा सिंथेटिक बॉल वापरलाय. इंग्लिश विलोचं लाकूड मऊ असतं, असल्या बॉलनं ते चेचलं जातं. टो खालून फुगलेला, बोटांना जाडसर लागत असेल तर पाणी शिरलंय: ओल्या मैदानावर खेळले असतील, नाहीतर बॅट ओल्या फरशीवर उभी राहिली असेल. टोपासून वर उभी चीर गेली असेल तर नॉकिंग (नवी बॅट हातोडीनं ठोकून तयार करणं) न करता यॉर्कर खेळल्याची ती खूण. हँडल आणि ब्लेड दोन हातांत धरून हलकं पिळा. जोडाजवळ कुरकुर आवाज आला तर गोंद सुटलाय. तो मात्र बनवणाऱ्याचा दोष, आणि तशी बॅट कंपनीकडे परत जायला हवी. फेसवरच्या केसाएवढ्या बारीक रेषा किंवा कडेला पडलेली छोटी चीर हा दोष नव्हे. चांगल्या विलोवरही त्या येतात.

आणि साधा हिशेब करा. इंग्लिश विलोला सीझन बॉल सोसायची ताकद यायला पाच-सहा तास नॉकिंग लागतं. रोज अर्धा तास ठोकली तरी दहा-बारा दिवस जातात. बॅट नवव्या दिवशी फाटून परत आली. म्हणजे नॉकिंग पूर्ण झालेलंच नव्हतं. प्रश्न एवढाच उरतो की ते करायचं असतं हे काकांना कुणी सांगितलं होतं का. मालकांनी तुम्हाला ते शिकवलं नसेल, तर तुम्ही काकांना काय सांगणार होतात?

तेव्हा शिकून घ्या. जवसाचं कच्चं तेल, चहाच्या चमच्याएवढं, मऊ फडक्यानं फेस, कडा, टो आणि पाठीवर पातळ पसरायचं. हँडलला, हँडल जिथे ब्लेडमध्ये पाचरीसारखं बसतं त्या जोडाला आणि स्टिकरना तेल लावायचं नाही. जोडात तेल गेलं की गोंद ढिला होतो. मग फेस वर करून बॅट आडवी ठेवायची, एक दिवस तशीच. असे दोन हात पुरे, लाकूड कोरडं वाटलं तर तिसरा. फेसवर आधीच पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर फेसला तेल नको, उघड्या लाकडाला तेवढं लावा. उत्साहानं बॅट तेलात न्हाऊ घालणारे वडील खूप भेटतील, त्यांना आवरा. जास्त तेलानं बॅट जड होते आणि बॉल उसळवायची तिची ताकद जाते.

मग लाकडी हातोडी. सुरुवातीला हलके ठोके, हळूहळू जोर वाढवत. कडांवर सरळ मारायचं नाही, साधारण ४५ अंशांत तिरकं मारून कडा गोल करायच्या. टोच्या तळावर हातोडी मारायचीच नाही, फेसचा टोजवळचा भाग मात्र मन लावून ठोकायचा. त्यानंतर जुन्या सीझन बॉलनं हलके झेल, मग नेट्स, मग सामना. नेट्समध्ये बॉलच्या शिवणीचे खोल वण उठायला लागले तर पुन्हा हातोडीकडे वळायचं. ‘प्री-नॉक्ड’ असं छापलेल्या बॅटलाही वर तास-दोन तास द्यावे लागतात. त्या छापील शब्दावर भरवसा ठेवून तक्रार घेऊन येणारी गिऱ्हाइकं वेगळीच.

एक गोष्ट आजच तपासा. दुकानात बॅटी फरशीवर ओळीनं उभ्या असतात आणि सकाळी पोछा मारला जातो. टोचं लाकूड खालून पाणी पितं. विकायच्या आधीच अर्धा बिघाड तिथे होतो. बॅटी फळीवर किंवा रॅकवर हव्यात, आणि शोकेसच्या काचेतून दुपारचं ऊन जिथे पडतं तिथे तर नकोच.

‘त्या दादांना बोलवा’चं उत्तरही याच ज्ञानात आहे. गिऱ्हाईक ‘बॅट दाखवा’ म्हणालं की लगेच रॅककडे वळू नका. आधी तीन प्रश्न: कोण खेळणार, कुठल्या बॉलनं, आणि कशावर. हे प्रश्न ऐकल्यावर बहुतेक जण दादांना विसरतात. टेनिस बॉलनं खेळणाऱ्याला ८,५०० ची इंग्लिश विलो विकणं म्हणजे भांडण उधारीवर विकणं. त्याला काश्मीर विलो किंवा टेनिस बॉलसाठीची खास बॅट द्या. बिल लहान होईल, पण ते परत येणार नाही.

मापासाठी कंपन्यांचे उंचीचे तक्ते असतात, पण ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. साधारण साडेपाच फुटांच्या वरच्या मुलाला फुल साइज म्हणजे शॉर्ट हँडल, त्याच्या खाली हॅरो हे माप, मग ६, ५, ४ असं उतरत जायचं. तक्त्यापेक्षा परीक्षा महत्त्वाची. मुलाला बूट घालून सरळ उभं करा, बॅट पायाला टेकवून उभी धरा. हँडलचं टोक मांडीच्या सांध्याजवळ यायला हवं. मग एकट्या वरच्या हातानं (उजव्या फलंदाजाचा डावा) बॅट बाजूला आडवी धरायला सांगा आणि मनात दहा आकडे मोजा. हात खाली आला किंवा थरथरला तर बॅट जड आहे. मोठ्यांच्या बॅटी बहुधा ११५० ते १२५० ग्रॅमच्या असतात. ‘दोन वर्षांत उंच होईल’ म्हणून मोठी बॅट मागणाऱ्या आईबाबांना हीच परीक्षा त्यांच्यासमोर करून दाखवा, वाद घालू नका. तेच बॉलचं. मोठ्या पुरुषांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, १३ वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. लहान मुलाला मोठ्यांचा बॉल दिलात तर बॅट आणि बोट दोन्ही धोक्यात.

हेल्मेट देताना बॉक्सवर ‘बीएस ७९२८:२०१३’ (ब्रिटिश सुरक्षा मानक) आहे का पाहा. डोकं टेपनं मोजा: भुवयांच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून. घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागून नव्हे. कपाळावरची झाप आणि जाळी यांच्या मधल्या फटीतून बॉल आत घुसत नाही ना, हे बॉल हातात घेऊन गिऱ्हाइकालाच करून दाखवा. जोराचा बॉल लागलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं असतं, हेही तेव्हाच सांगून ठेवा. एल गार्ड (जांघेचं संरक्षक कवच) मागताना पोरं एकमेकांकडे बघून हसतील. ‘हेल्मेट’ म्हणता त्याच आवाजात ‘बॉइज की मेन्स?’ विचारा, हसू आपोआप थांबतं. हा माल घालून बघायला द्यायचा नाही आणि पाकीट फोडल्यावर परतही घ्यायचा नाही. तशी पाटी लावून घ्या.

आता रॅकेट. इथे आम्ही तुमची पूर्ण बाजू घेणार नाही, कारण मशीनवर तुम्ही होतात. पण रॅकेट चेपण्याची कारणं मोजकी आहेत, त्यातलं तुमचं कुठलं ते शोधा.

मशीनचे आधार नीट घट्ट केले नाहीत, तर ताणाखाली फ्रेमचा आकार बदलतो. वर, खाली आणि दोन्ही बाजूंचे सगळे आधार फ्रेमला टेकले आहेत, पण दाबत नाहीत, हे पहिला ताण देण्याआधी बोटानं तपासायचं. उभ्या तारा मधून बाहेर न्यायच्या, दोन्ही बाजूंना बरोबरीनं. एक बाजू दुसरीपेक्षा दोन तारांपेक्षा जास्त पुढे गेली की फ्रेम एका अंगाला ओढली जाते. तिसरं कारण हास्यास्पद वाटेल, पण घडतं: मशीनवर ताण किलोत आणि डोक्यात पौंड. १ किलो म्हणजे २.२ पौंड. २४ पौंड हवे असतील तर आकडा ११ च्या जरा खाली असतो. किलोच्या काट्यावर १२ लावलेत तर ते साडेसव्वीस पौंड झाले. चौथं, फ्रेमवर किंवा दांड्याजवळ कमाल ताण छापलेला असतो, तो न वाचता गिऱ्हाइकानं सांगितला म्हणून २८ पौंड ओढणं. टीव्हीवरच्या खेळाडूंचे आकडे ऐकून येणारी मुलं असतात. शिकाऊ खेळाडूला २० ते २२ पुरे, क्लबात नियमित खेळणाऱ्याला २३ ते २५. आडव्या तारांना उभ्यांपेक्षा एखाद-दोन पौंड जास्त देतात, म्हणजे फ्रेमचा आकार राहतो. छापील कमाल आकडा त्या जास्तीच्या ताणासकट पाळायचा. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या स्वस्त रॅकेटला १८ च्या वर ओढू नका. खरं तर तिचं गटिंग करू नका असंच सांगा, त्या पैशात नवी येते.

पाचवं कारण तुमच्या हातात नसतं: रॅकेट आधीच तडकलेली असते. डबल्समध्ये जोडीदाराच्या रॅकेटवर आपटलेली फ्रेम रंगाखाली चिरलेली असते, आणि मशीनवर ताण आला की तिथेच मोडते. म्हणून रॅकेट घेतानाच गिऱ्हाइकासमोर फ्रेमवरून नख फिरवा. रंग उडालेली जागा, खाच, केसाएवढी रेष दिसली तर मोबाइलवर फोटो काढा. प्लास्टिकच्या नळ्या म्हणजे ग्रोमेट फुटलेले असतील तर बदला, नाहीतर नवी तार पहिल्याच दिवशी कापली जाईल. मग चिठ्ठी: मॉडेल, छापील कमाल ताण, मागितलेला ताण, तार कुठली, आधीचे ओरखडे कुठे, ‘फ्रेममध्ये आधीचा तडा असल्यास जबाबदारी नाही’, खाली सही. चिठ्ठीला अर्धा मिनिट लागतो. ही चिठ्ठी असती तर आज तुमच्या नावावर पैसे मांडले गेले नसते. निदान खरं काय ते तरी कळलं असतं.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगत जा: एक तार तुटली की उरलेल्या सगळ्या लगेच कापून टाका, मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं. तुटकी रॅकेट तशीच आठवडाभर बॅगेत राहिली की असमान ताणानं फ्रेम वाकडी होते आणि दोष गटिंगवाल्यावर येतो.

मालकांना हे विचारा: मशीनवर बसवण्याआधी तुम्हाला किती रॅकेट शेजारी बसून बघायला मिळाल्या? जुन्या, टाकून दिलेल्या चार-पाच फ्रेमवर हात बसवल्याशिवाय गिऱ्हाइकाची रॅकेट घेऊ नये. १० मीटरची तार एका रॅकेटला लागते, २०० मीटरच्या रिळात वीस होतात. सरावात वाया गेलेली तार ही दुकानाची गुंतवणूक आहे. गटिंग येणारा माणूस दुकानाला सहज मिळत नाही, आणि पगारवाढ मागताना हीच गोष्ट तुमच्या कामी येईल.

शटलचं थोडक्यात. नायलॉनच्या शटलला टोपीवर पट्टी असते: हिरवी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसांच्या शटलवर ७६, ७७ असे आकडे किंवा २, ३ असे. आकडा मोठा तर शटल वेगवान. उन्हाळ्यात हवा पातळ होते, शटल लांब जातं, म्हणून लहान आकडा द्यायचा. डबा उघडला की परत नाही, हे विकतानाच सांगा.

तुमच्या गावात फुटबॉलचं गिऱ्हाईक क्रिकेटइतकंच तिखट, तेव्हा बूट समजून घ्या. मातीच्या किंवा गवताच्या मैदानाला ‘एफजी’ स्टड. भाड्यानं मिळणाऱ्या कृत्रिम टर्फवर ते नकोत. टोकदार स्टड त्या धाग्यात अडकतात, पाय रोवला जातो आणि गुडघा फिरतो. तिथे बारीक रबरी गोळ्यांचे ‘टीएफ’ बूट. ‘दोन्हीकडे खेळतो’ म्हणाला तर जास्त वेळ कुठे, ते विचारा. बॅडमिंटनला पळण्याचे बूट मागणाऱ्यालाही थांबवा. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. त्याला सपाट गम सोलचे, कोर्टावर डाग न पाडणारे बूट हवेत. माप संध्याकाळी घेतलेलं बरं, पाय दिवसभरात थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाला बूट द्या. यूकेचा आकडा कंपनीगणिक बदलतो, जिभेवरच्या लेबलात सेंटिमीटर वाचा. पळण्याच्या बुटात पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, फुटबॉलच्या बुटात त्याच्या निम्मी. घालून चालायला चादरीचा तुकडा पसरून ठेवा. सोलला माती लागली की बदली नाही, आणि ती माती दुकानातच लागायला नको.

हवा भरताना सुई आधी ग्लिसरिनच्या थेंबानं ओली करा. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल ‘आल्या दिवशी पंक्चर’ म्हणून परत येतो. फुटबॉलला ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) चालतं, व्हॉलीबॉलला फक्त ४.३ ते ४.६. त्याच हातानं, त्याच अंदाजानं पंप मारला तर व्हॉलीबॉल अंड्यासारखा होतो. मालकांना एक प्रेशर गेज आणायला सांगा. दोन व्हॉलीबॉल वाचले की त्याची किंमत निघते.

मालकांशी बोलणी. दुपारी, गिऱ्हाईक नसताना बोला, गल्ल्यावर गर्दी असताना नाही. बॅट समोर ठेवा, खुणा दाखवा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, कपात थांबवा, किंवा माझ्या हलगर्जीपणामुळे काय नुकसान झालं ते लेखी द्या, मी लेखी उत्तर देते. दुसरी, इंग्लिश विलोच्या प्रत्येक बिलावर शिक्का: ‘फक्त लेदर बॉल, नॉकिंग आवश्यक, ओल्यात वापरू नये’, शेजारी गिऱ्हाइकाची सही. दुकानात नॉकिंग पैसे घेऊन करून देता येईल, त्यात मालकांचाही फायदा आहे. तिसरी, गटिंगची चिठ्ठी. बॅटीची किंमत मोजताना छापील नव्हे, खरेदीची धरावी, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या. शिक्का कशाला, असं म्हणाले तर सांगा: सदोष माल निघाल्यावर ‘परत घेणार नाही’ म्हणता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित प्रथा आहे, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. मग सदोष माल कुठला आणि वापरून बिघडवलेला कुठला, हे ठरवायला लेखी काहीतरी लागणारच.

लेखी द्यायला नकार, शिकवायला नकार आणि कपात मात्र चालू, असं झालं तर दुसरं दुकान शोधा आणि कामगार विभागात अर्ज करा. पगाराची पावती किंवा बँकेतली नोंद जपून ठेवा. रोख मिळत असेल तर तारीख आणि रक्कम वहीत, दर महिन्याला.

ता. क. चं उत्तर: नाही, असं करू नका. कॅरमची पावडर बहुधा बोरिक असते, आणि ती मिठासारखी, पिठीसाखरेसारखी दिसते. पोटात गेली तर विषारी. लेबल नसलेली पुडी घरी जाते, स्वयंपाकघरात ठेवली जाते, पुढचं सांगायला नको. कंपनीचे छोटे बंद डबेच विका आणि ‘लहान मुलांपासून दूर’ ही ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. अंगाला लावायची टाल्कम पावडर तिच्याऐवजी देऊ नका, ती दमट हवेत चिकटते आणि स्ट्रायकर अडखळतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर बोर्डही आधी उन्हात नव्हे, बल्बखाली थोडा वेळ ठेवून कोरडा करायला सांगा. उन्हात प्लायवूड वाकतं.